'लव्ह स्टोरी' वाचून अर्धे रडले, अर्धे वैतागले: बरोबर कोण?

प्रश्न, थोडक्यात: आमच्या सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर या वेळी एरिक सीगलची 'लव्ह स्टोरी' घेतली होती. सत्तरीच्या काकूंपासून इंजिनिअरिंगच्या मुलांपर्यंत सगळे होते. काहीजणींना बोलता बोलता रडू आलं. काहींनी 'बाईला मारून पुरुषाला मोठं करणारं गुळगुळीत पुस्तक' म्हणून झोडपलं. शेवटी 'तुम्हाला काळीजच नाही' आणि 'तुम्ही फार हळव्या' इथपर्यंत गाडी गेली. रडवणारी कादंबरी कमअस्सल असते का? रडू येतं त्याचं श्रेय पुस्तकाचं की वाचकाच्या स्वभावाचं? आणि पुढच्या बैठकीत यावरच परत बोलावं, की या कादंबरीचा पुढचा भाग घ्यावा?

उत्तर:

तुमच्या कट्ट्यावर झालं ते या पुस्तकाला नवीन नाही. १९७१ साली अमेरिकेतल्या नॅशनल बुक अवॉर्डच्या यादीत 'लव्ह स्टोरी'चं नाव आलं, तेव्हा कादंबरीचे परीक्षक बिथरले. त्यांचे प्रमुख होते विल्यम स्टायरन. हे पुस्तक यादीत राहणार असेल तर आम्ही राजीनामे देतो, अशी धमकीच त्यांनी दिली. स्टायरन यांचं म्हणणं असं की पुस्तक अगदी सुमार आहे, साहित्यात मोडतच नाही, आणि ते नुसतं यादीत असण्यानेही बाकीच्या पुस्तकांचा अपमान होतो. नाव काढलं गेलं. पारितोषिक सॉल बेलोंना मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेली कादंबरी मात्र हीच होती, आणि पेपरबॅकची पहिली छपाईच ४० लाखांच्या वर काढावी लागली होती.

त्या काळातला माझा आवडता माणूस या दोन्ही गटांत बसत नाही. रॉजर इबर्ट या चित्रपट समीक्षकाने लिहून ठेवलंय की हे पुस्तक आपण एका सकाळी चौदा मिनिटांत वाचून टाकलं, लोक ते का विकत घेतात ते कळावं म्हणून. आणि ते काही कळलं नाही. सीगलच्या शैलीचा त्याला इतका वीट आला की सिनेमा बघावा असंही वाटेना. मग त्याने सिनेमा बघितला आणि चारपैकी चार तारे दिले. गोष्ट तीच, मरणारी मुलगी तीच. माणूसही तोच, तरी तो एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला. म्हणून 'हळवे' आणि 'बिनकाळजाचे' अशी वाचकांची वाटणी मला कधीच पटली नाही. वाद स्वभावाचा असता तर इबर्टचा स्वभाव मधल्यामध्ये पालटला असं म्हणावं लागेल.

ग्रंथालयात नोकरी केल्यामुळे आणि पुढे कट्टे चालवल्यामुळे मला एक सवय लागलीय. पुस्तक आवडलं की नाही हे मी विचारत नाही, कुठलं पान आठवतं ते विचारतो. 'लव्ह स्टोरी'च्या बाबतीत हे विचारलं की दिसतं, रडणारे आणि वैतागणारे वेगवेगळी पानं घेऊन बसलेले असतात. वैतागलेल्यांना प्रेमात 'सॉरी' म्हणावं लागत नाही हे वाक्य आठवतं, जे पुढे पोस्टरांवर आणि भेटकार्डांवर गेलं. रडलेल्यांना आठवते ती किल्ली.

तो प्रसंग तुम्ही सगळ्यांनी मिळून परत वाचा, असं मी सुचवेन. ऑलिव्हर हा नायक, गोष्ट तोच सांगतो. जेनी त्याची बायको, पुढे मरणारी ती हीच. बापाशी बिनसलेल्या ऑलिव्हरला त्याच्या वडिलांच्या साठीच्या वाढदिवसाचं आमंत्रण आलंय. त्याला जायचं नाही. जेनीला वाटतं, निदान फोनवर नीट बोलावं. ती फोन लावते, त्याला बोलायला विनवते, आणि ऑलिव्हर तिच्या हातातून फोन हिसकावून भिरकावतो. तिच्यावर ओरडतो. जेनी पळून जाते. मग हा घाबरतो, हार्वर्ड विद्यापीठ जिथे आहे त्या केंब्रिज गावभर शोधत फिरतो, संगीताच्या सरावाच्या खोल्यांतून डोकावतो, आत कुणी भलतंच पियानो वाजवत असतं. रात्री थंडीत घरी परततो तर ती घराबाहेरच्या पायऱ्यांवर बसलेली. किती वेळ बसली आहे हे विचारायचं त्याला धाडस होत नाही. ती म्हणते, किल्ली विसरले.

बस. एवढ्यात सगळं आलेलं आहे. ती गेली, पण जायला जागा नव्हती. परत आली, पण आत जाता येईना. भांडण कुणी जिंकलं, कोण हरलं, याचा हिशोब ती मांडत नाही. आपण बाहेर का बसलोय याचं साधं घरगुती कारण सांगते. हे लिहिणारा माणूस लेखक आहे, याबद्दल मला शंका नाही.

पण पुढच्याच क्षणी ऑलिव्हर माफी मागायला लागतो, ती त्याला थांबवते आणि ते प्रसिद्ध वाक्य म्हणते. किल्लीने जे काम केलं होतं त्याच्यावर सीगलने पाटी लावली. वाचकाला कळलं नसेल तर, म्हणून. माझ्या लेखी भावना आणि भावविवशता यांच्यातला फरक या अर्ध्या पानात दिसतो. प्रसंगातून जे आपलं आपल्याला उमगतं ती भावना, आणि उमगल्यावरही लेखक वर उभा राहून सांगतो तेव्हा भावविवशता सुरू होते. एकाच पानावर दोन्ही आहेत. कोण काय घेऊन उठला यावर तट पडले.

आमच्या ग्रंथालयातल्या प्रतीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. (पुस्तकावर रेघा मारू नयेत अशी सूचना लावणारा मीच, पण परत आलेल्या प्रतींवरच्या रेघा बघायला मला आवडायचं, हे आता सांगायला हरकत नाही.) 'सॉरी'च्या वाक्याखाली दोन-तीन वेगवेगळ्या हातांच्या रेघा. किल्लीच्या वाक्याखाली एकही नाही. खांडेकरांच्या कादंबऱ्यांचंही तसंच असायचं, सुभाषितांखाली रेघांची दाटी आणि शेजारचा चांगला संवाद कोरा. वाचकाला जे सांगता येतं, वहीत उतरवता येतं, त्याच्याखाली तो रेघ मारतो. ज्याने तो हलला ते पुष्कळदा रेघेबाहेर राहतं. त्यामुळे कट्ट्यावर जो आवडल्याचं समर्थन करायला उठतो तो नेमकं सगळ्यात कच्चं वाक्य पुढे करतो आणि विरोधकांच्या तावडीत सापडतो. तुमच्याकडेही तसंच झालं असणार.

आता हे पुस्तक असं विरळ का आहे, त्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. आधी पटकथा होती. पॅरामाउंट या सिनेमा कंपनीने ती घेतली आणि सिनेमाची हवा तयार व्हावी म्हणून सीगलला तिची कादंबरी करायला सांगितलं. ती १४ फेब्रुवारी १९७० ला बाजारात आली, म्हणजे व्हॅलेंटाइन डेला. सिनेमा त्याच वर्षी डिसेंबरात. त्यामुळे पुस्तकात वर्णन जवळजवळ नाहीच. खोली कशी होती, जेनी दिसायची कशी, हिवाळा कसा होता, काही धड कळत नाही. माणसं बोलतात, टोमणे मारतात, प्रकरण संपतं. सीगल हा येल विद्यापीठात ग्रीक-लॅटिन शिकवणारा प्राध्यापक, आणि त्याचा अभ्यासाचा विषय होता प्लॉटस हा रोमन विनोदी नाटककार. १९६८ साली त्याचं प्लॉटसच्या प्रहसनांवरचं विद्वत्तापूर्ण पुस्तक आलं होतं. टोल्यास प्रतिटोला कसा द्यायचा हे त्याला पक्कं ठाऊक. ऑलिव्हर आणि जेनीची पहिली भेट आठवा: हार्वर्डशेजारच्या रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजच्या ग्रंथालयात हार्वर्डचा ऑलिव्हर मध्ययुगावरचं पुस्तक मागायला येतो, आणि काउंटरवरची जेनी त्याला सुनावते की तुमच्या हार्वर्डकडे पन्नास लाख पुस्तकं असताना आमच्या चार बुकांवर डोळा कशाला? ग्रंथपाल म्हणून मी या मुलीच्या बाजूने तिथूनच झालो.

विरळ लिखाणाचा परिणाम दुहेरी होतो. ज्याच्याकडे त्या रिकाम्या जागेत भरायला स्वतःचं काही असतं, कुणी गेलेलं माणूस, दवाखान्यातले दिवस, न बोललेला बाप, तो ती भरतो, आणि पुस्तक त्याच्यापुरतं भरगच्च होतं. ज्याच्याकडे त्या वेळी तसं काही नसतं, किंवा असूनही त्याला ते चार लोकांत काढायचं नसतं, त्याला रिकामी जागा रिकामीच दिसते. यात कुणी खोटं बोलत नाही. रिकाम्या जागेचं किती श्रेय लेखकाला द्यायचं, एवढाच प्रश्न उरतो. मी अर्धं देतो. जागा कुठे सोडायची हे कळायलाही हात लागतो. 'सॉरी'सारख्या ठिकाणी ती सोडता आली नाही म्हणून अर्धं कापतो.

तुमचा रडण्याबद्दलचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. चौदाव्या शतकात विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त तो सरळ घेतला. करुणरसात जर दुःखच असतं तर तिकडे कुणी फिरकलंच नसतं, असं तो म्हणतो. मग रामायणदेखील दुःखाचं कारण ठरलं असतं. तरी डोळ्यांत पाणी येतं ते का? तर चित्त द्रवतं म्हणून. आणि याला पुरावा काय, तर सहृदयांचा अनुभव, दुसरा पुरावा नाही. म्हणजे विश्वनाथाच्या हिशेबाने तुमच्या काकूंचं रडणं ही कमजोरी नव्हे. पण त्याने 'अनुभव' पुरावा मानला तो सहृदयाचा, म्हणजे ज्याने पुष्कळ वाचलंय, पाहिलंय त्याचा. सिनेमातला व्हायोलिन वाजताच ज्याचे डोळे भरतात त्यालाही विश्वनाथाने प्रमाणपत्र दिलंय असं कुणी समजू नये. द्रवणं खरं असतं; ते कशाने झालं हे मात्र तपासावं लागतं.

भरताने नाट्यशास्त्रात केलेला एक भेद इथे फार कामाचा आहे. विरहाच्या शृंगारात आशा शिल्लक असते, करुणात ती नसते. नेहमीची प्रेमकहाणी आपल्याला भेटतील की नाही या आशेवर धरून ठेवते. सीगल पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो की पंचविशीची मुलगी मेली आहे. आशा तिथेच संपली. पुढचे सगळे लटके रुसवे, विनोद, पैशांची ओढाताण आपण ती मेलेली आहे हे माहीत असताना वाचतो. 'शेवट आधीच सांगितला, मग उत्सुकता काय राहिली?' अशी तक्रार तुमच्या मुलांनी केली असेल तर ती चुकीच्या खिडकीवर केलेली तक्रार आहे. या पुस्तकाने उत्सुकतेचा व्यवहार मुळात केलेलाच नाही. तक्रार करायचीच तर उलट करावी: मरण आधी सांगून टाकल्यामुळे प्रत्येक फालतू विनोदालाही फुकटचं वजन मिळतं, आणि लेखक त्याचा फायदा उकळतो. ही तक्रार मला मान्य आहे.

आजाराबद्दल वैतागलेल्यांचं बरंच खरं आहे. रक्ताचा कर्करोग इतका नेटका, इतका बिनवासाचा नसतो, हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना सांगावं लागत नाही. सिनेमात तर आजाराचं नावही घेत नाहीत आणि जेनीचं काम करणारी अली मॅकग्रॉ शेवटपर्यंत देखणी. इबर्टनेच पुढे 'अली मॅकग्रॉचा आजार' अशी थट्टा केली: सिनेमातला असा आजार, ज्याचं एकमेव लक्षण म्हणजे मरेपर्यंत रुग्ण सुंदर होत जातो. या आजाराची साथ आपल्याकडेही आली. १९७८ चा राजश्रीचा 'अँखियों के झरोखों से' याच कहाणीवर बेतलेला. त्यात सचिन आणि रंजीता होते. तुमच्या काकूंच्या पिढीतल्या कित्येकजणींनी सीगल वाचायच्या आधी ही गोष्ट रवींद्र जैनांच्या चालीवर ऐकलेली असते. पुस्तक उघडताना त्यांच्या डोक्यात गाणं आधीच वाजत असतं, मुलांच्या डोक्यात ते नसतं. रडण्या-न रडण्यात याचाही वाटा असतो, तो मोजायला विसरू नका.

पण आजाराच्याच भागात एक गोष्ट अशी आहे जिच्यावर तरुण वाचक हमखास भडकतात आणि तिथे मी त्यांना थोडं थांबवतो. मूल होत नाही म्हणून दोघं तपासण्या करतात, आणि डॉक्टर ऑलिव्हरला एकट्याला बोलावून सांगतो की तुझी बायको मरणार आहे. तिला सांगत नाही. त्यालाही सांगतो, नेहमीसारखा वाग. आजच्या मुलीला हे भयंकर वाटतं, आणि ते आहेच. मात्र सीगलने ते नाट्यासाठी रचलेलं नाही. १९६१ साली अमेरिकेत डॉक्टरांची एक पाहणी झाली होती, तिच्यात सुमारे ९० टक्के डॉक्टर कर्करोगाचं निदान रुग्णाला न सांगण्याच्या बाजूचे होते. १९७९ मध्ये तशीच पाहणी परत केली तर ९७ टक्के सांगण्याच्या बाजूला. कादंबरी या दोन्हींच्या मधल्या काळातली आहे. आणि आपल्याकडे 'त्यांना सांगू नका हं' हे वाक्य आजही दवाखान्याच्या जिन्यात ऐकू येतं, तेव्हा अमेरिकेला फार नावं ठेवायला नकोत. जेनीला ते कळतंच, आणि कळल्यावर ती नवऱ्यापेक्षा जास्त सावरलेली असते. पुस्तकातला हा भाग मला प्रामाणिक वाटतो.

बाईला मारून पुरुषाला मोठं करणारं पुस्तक, हा आरोप मात्र मी उडवून लावणार नाही. जेनी संगीत शिकणारी मुलगी. पॅरिसला जाऊन शिकायची शिष्यवृत्ती तिला मिळालेली आहे. लग्नासाठी ती ते सोडते. ऑलिव्हरचा श्रीमंत बाप पैसे बंद करतो, तेव्हा ही शाळेत शिकवून घर चालवते आणि तो कायद्याचं शिक्षण पुरं करतो, वर्गात तिसरा येतो, न्यूयॉर्कच्या मोठ्या फर्ममध्ये लागतो. आता सुखाचे दिवस, तर ही मरते. एवढ्यावर भागलं असतं तर म्हणता आलं असतं की त्या काळातल्या पुष्कळ बायकांचं असंच झालं, लेखकाने दाखवलं. पण मरताना जेनी त्याला बजावते की पॅरिस आणि संगीत तू माझ्याकडून हिरावलंस असं तुला वाटतंय ना, ते डोक्यातून काढ, मला त्याचं काही नाही. वाचा ते पान नीट. ऑलिव्हरच्या मनात अपराधाचा सल आहे, हे लेखकाला माहीत आहे. वाचकाच्याही मनात तो प्रश्न येणार, हेही माहीत आहे. आणि तो प्रश्न सोडवण्याऐवजी त्याने मरणाऱ्या बाईच्या तोंडून कर्जमाफी जाहीर करून टाकली. हिशेब मिटला, नायक मोकळा. इथे तुमच्या मुलींना राग आला असेल तर त्यांनी पुस्तक बरोबर वाचलंय. काकूंना तिथेच रडू आलं असेल तर त्यांनीही चुकीचं वाचलेलं नाही, कारण अशी कर्जमाफी घरोघरी बायका देत आल्या आहेत आणि त्यांनी ती ओळखली. पण ओळखणं म्हणजे मान्य असणं नव्हे, हे काकूंनाही विचारून बघा. माझ्या अनुभवाने त्यांचं उत्तर मुलींच्या अपेक्षेपेक्षा बरंच तिखट असतं.

आता मी रडणाऱ्यांच्या बाजूने काय बोलेन ते सांगतो, आणि ते बहुतेक तुमच्या बैठकीत कुणी बोललं नसेल. या कादंबरीत सगळ्यात बारकाईने लिहिलेलं प्रेम नवरा-बायकोचं नाही, बापलेकाचं आहे. नवरा-बायकोचं प्रेम पहिल्या भेटीपासून जवळजवळ तयारच आहे, त्यात फारसं काही बदलत नाही. बदलतं ते ऑलिव्हर आणि त्याच्या बापामधलं.

सुरुवातीला बघा, जेनी फोनवर कुणा फिलला 'माझंही तुझ्यावर प्रेम आहे' म्हणते आणि ऑलिव्हरला मत्सर वाटतो. फिल म्हणजे तिचा बाप, बेकरी चालवणारा इटालियन माणूस. बापाला नावाने हाक मारता येते, बापाला प्रेम आहे असं फोनवर सांगता येतं, हेच ऑलिव्हरला नवं. स्वतःच्या बापाला तो 'सर' म्हणतो आणि मनातल्या मनात त्याच्या दगडी चेहऱ्यावरून नावं ठेवतो. बाप सभ्य आहे, आवाज चढवत नाही, सामन्याला येऊन बसतो. पण त्याच्या प्रत्येक वाक्यात ऑलिव्हरला अट दिसते. १९९७ मध्ये सीगलने सांगितलं की ऑलिव्हरचा रांगडेपणा त्याने तेव्हा हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या आणि पुढे नट झालेल्या टॉमी ली जोन्सवरून घेतला आणि बापाच्या अपेक्षांचं ओझं त्याच खोलीत राहणाऱ्या, पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या अल गोर यांच्यावरून. गोर यांचे वडील सिनेटर होते. आपल्याकडच्या तरुण वाचकांना हा मुद्दा सांगितला की ते पुस्तकाकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात. तिमाही निकाल बापाला दाखवण्याची धाकधूक कुणाला माहीत नाही!

जेनीच्या उपचारांसाठी ऑलिव्हरला बापाकडे पाच हजार डॉलर मागावे लागतात. कशासाठी, ते तो सांगत नाही. बाप विचारतो, एखाद्या मुलीला अडचणीत आणलंयस का? आणि हा 'हो' म्हणतो. बायको मरतेय हे सांगण्यापेक्षा आपण बाहेरख्याली आहोत असं बापाला वाटू देणं त्याला सोपं जातं. बाप चेकबुक काढतो, सावकाश उघडतो. ऑलिव्हर मनाशी म्हणतो, मला छळायला नसेल. बोलायला काहीतरी सापडावं, लागणार नाही असं काहीतरी, म्हणून वेळ काढत असेल. साऱ्या पुस्तकात बापाच्या वागण्याचा चांगला अर्थ तो पहिल्यांदा इथे लावतो. सीगलने या जागी कुठलंही पोस्टरचं वाक्य लिहिलेलं नाही. बाप चेक लिहितो, मुलगा घेऊन जातो.

शेवटी बापाला खरं कळतं आणि तो रातोरात न्यूयॉर्कला दवाखान्यात पोहोचतो, तोवर जेनी गेलेली असते. मुलगा सांगतो, बाप 'सॉरी' म्हणतो, आणि मुलगा त्याला जेनीचं वाक्य परत ऐकवतो. मग बापाच्या मिठीत रडतो, जे त्याने आयुष्यात कधी केलेलं नाही. सिनेमात हा शेवट बदललाय: तिथे ऑलिव्हर वाक्य म्हणतो आणि बापाला तसाच सोडून बर्फातून एकटा चालत जातो. फ्रान्सिस ले यांचं संगीत वाजतं (ऑस्कर मिळालं ते त्यालाच, सात नामांकनांपैकी तेवढं एक), आणि आपल्याला वाटतं प्रेमकहाणी संपली. पुस्तकात मिटतं ते बापलेकाचं भांडण. सिनेमा आधी पाहिलेल्यांच्या डोक्यातून पुस्तकाचा हा शेवट अक्षरशः पुसला गेलेला असतो, हे मी वारंवार पाहिलंय. तुमच्याकडे कुणाला आठवतो का, विचारून बघा. आणि त्या जागी ते गाजलेलं वाक्य मलाही तितकं खटकत नाही, कारण आता ते बोलणाऱ्याला स्वतःलाच कळत नाहीये की आपण ते का बोलतोय. सीगलने तसं लिहिलंयही.

तेव्हा रडवणारी कादंबरी कमअस्सल असते का, याला माझं उत्तर: रडवण्यावरून काहीच ठरत नाही. स्टायरन यांना विचारलेला प्रश्न 'वर्षातलं श्रेष्ठ पुस्तक कोणतं' असा होता, त्यांनी त्याचं उत्तर दिलं, आणि त्या प्रश्नाला ते उत्तर बरोबरच होतं. विकत घेणाऱ्यांना हा प्रश्न कुणी विचारलेलाच नव्हता. मी स्वतः या पुस्तकाला पहिल्या प्रतीचं म्हणणार नाही. पण किल्ली आणि चेकबुक लिहिणाऱ्याला साहित्याबाहेर काढणं हा परीक्षकांचा फणकारा होता, मूल्यमापन नव्हे.

आता पुढच्या बैठकीचं. याच पुस्तकावर परत बोला. प्रत्येकाने एकच पान आणायचं, वाचून दाखवायचं, आणि मगच बोलायचं. आवडलेलं किंवा खटकलेलं, कुठलंही. पण पान हातात असलं पाहिजे. दुसऱ्या वाचकाच्या स्वभावाबद्दल बोलायला बंदी. सुरुवात वैतागलेल्यांपैकी कुणाला तरी करायला सांगा, कारण रडणाऱ्यांनी सुरुवात केली की बाकीच्यांना एकतर गप्प बसावं लागतं किंवा दुष्ट ठरावं लागतं. किल्लीचं पान कुणी आणलं नाही तर तुम्ही आणा. आणि ज्यांच्या घरात नुकतं आजारपण होऊन गेलंय त्यांना आधी बाजूला घेऊन विचारा की दवाखान्याचा भाग मोठ्याने वाचलेला चालेल ना. एवढं पथ्य पाळा.

पुढचा भाग, 'ऑलिव्हर्स स्टोरी', १९७७ साली आला. विधुर ऑलिव्हर, एका गर्भश्रीमंत बाईशी जमणारं-न जमणारं नातं, आणि मग घराण्याच्या व्यवसायाकडे वळणं. कट्ट्यासाठी मी तो घेणार नाही. त्यात पहिल्या भागाइतकी रिकामी जागा नाही आणि ती भरलीय तीही जेमतेम. कुणाला फारच हौस असेल तर त्या एकाने वाचावा आणि बाकीच्यांना चहाच्या वेळी गोष्ट सांगावी.